जुनी मंडळी, नवी संगती: नागपुरातल्या ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई रविवारी सदरच्या जुन्या चर्चमध्ये जाते, मुलगा आणि सून भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या संगतीत (नव्या स्वतंत्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये) जातात, आणि दुपारच्या जेवणाला वाद पेटतो. नागपुरात अशी घरं आता जागोजागी आहेत. खालचे प्रश्न त्या वादांतलेच आहेत. जिथे कायदा किंवा इतिहास आहे तिथे तो तसाच दिला आहे. जिथे आमचं मत आहे तिथे ते मत म्हणून ओळखू येईल.

इव्हँजेलिकल म्हणजे नेमके कोण? पेंटेकॉस्टल तेच का?

इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आजही उपयोगी पडतात. बायबलला सर्वोच्च अधिकार, वधस्तंभावरच्या प्रायश्चित्तावर भर, प्रत्येकाचं वैयक्तिक परिवर्तन व्हायलाच हवं हा आग्रह, आणि सुवार्ता कृतीतून व शब्दांतून पसरवण्याची धडपड. या चारही खुणा असलेला माणूस कुठल्याही मंडळीत सापडू शकतो, सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्टांमध्येसुद्धा. पेंटेकॉस्टल मंडळ्या याच घराण्यातल्या, पण त्या पवित्र आत्म्याचा वेगळा अनुभव, अन्य भाषा (प्रार्थनेत उमटणारी, न शिकलेली भाषा), भविष्यवाणी आणि आरोग्यदान यांवर जोर देतात. पुष्कळ इव्हँजेलिकल मंडळ्यांना अन्य भाषा मुळीच मान्य नसतात. त्यामुळे सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की वाद पहिल्याच वाक्यात भरकटतो.

म्हणजे हे अलीकडे बाहेरून आलेलं काहीतरी आहे?

नाही, आणि जुन्या मंडळीतल्या लोकांनी हे आधी समजून घ्यायला हवं. नागपुरात प्रॉटेस्टंट काम उभं करणारे स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. ती मंडळी १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फुटली, आणि फुटलेला गट हा तिथला इव्हँजेलिकल गटच होता. आपण ज्याला आज ‘पारंपरिक’ म्हणतो त्या घराचा पाया घालणारे लोक स्वतः त्यांच्या काळातले इव्हँजेलिकल होते. विदर्भातच, यवतमाळला, १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, पण तोवर इथल्या पाळकांच्या किमान एका पिढीवर तिचा ठसा उमटला होता.

मात्र हिस्लॉप तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या प्रेसबिटेरियन परंपरेतले होते, आणि त्यांच्या कामावर मंडळीच्या सभेचं नियंत्रण होतं. अठराव्या शतकात संजीवनाची (धार्मिक जागृतीची) लाट उठवणारे जॉन वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच राहिले आणि वारंवार प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा संस्कार) घ्यायला लोकांना सांगत राहिले. जुन्या इव्हँजेलिकलांनी परिवर्तनाचा आग्रह धरला, पण संस्कार, मतांगीकार (ठरलेल्या शब्दांतली श्रद्धेची कबुली) आणि मंडळीला दिलेला जाब सोडला नाही. आजच्या काही स्वतंत्र संगतींनी या तीन गोष्टी सोडल्या आहेत. आमच्या मते खरा ताण तिथे आहे.

मूळ श्रद्धा एकच आहे ना? नव्या संगतीत ते कसं तपासायचं?

बहुतेक ठिकाणी एकच आहे. ३२५ सालच्या नायसिया परिषदेत रचलेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला विस्तारलेला मतांगीकार कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सी.एन.आय., मेथडिस्ट हे सगळे मानतात. इव्हँजेलिकल संगतीत तो मोठ्याने म्हटला जात नसला तरी त्यातला आशय सहसा मान्य असतो. पाळकांना नम्रपणे विचारा, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, की एकाच व्यक्तीची तीन रूपं?’ उत्तर ‘रूपं’ असं आलं आणि बाप्तिस्मा ‘फक्त येशूच्या नावाने’ देतात असं कळलं, तर ती ‘वननेस’ पेंटेकॉस्टल शिकवण आहे. ती १९१३ नंतर अमेरिकेत पसरली. १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीनेच त्रैक्याचा सिद्धांत स्पष्ट मांडून तिच्यापासून फारकत घेतली. हा फरक गाण्याबजावण्याच्या पद्धतीचा नाही. इथे श्रद्धाच बदलते.

‘तुझं तारण झालंय का? तारीख सांग,’ असं मला विचारतात. काय उत्तर द्यावं?

तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती नेमकी कुठल्या दिवशी झाली हे ते विचारतात. हा प्रश्न ज्या पद्धतीतून येतो तिचं वय फार नाही. सभेच्या शेवटी लोकांना पुढे बोलावून तिथेच निर्णय घ्यायला लावण्याची रीत १८३०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फिनी यांच्या सभांतून रूढ झाली, आणि विसाव्या शतकात बिली ग्रॅहॅम यांच्या सभांनी ती जगभर नेली. पश्चात्तापाची ती छोटी प्रार्थना, जी आता पत्रकाच्या मागच्या पानावर छापलेली असते, ती याच ओळीतली.

नव्या जन्माची गरज खरीच आहे. योहान ३:३ कुठल्याही मंडळीने पुसलेलं नाही. फरक आहे तो कधी आणि कसा यात. पारंपरिक शिकवणीत तारणाला तिन्ही काळ आहेत. तारण झालं आहे (इफिसकरांस २:८), होत आहे (१ करिंथकरांस १:१८) आणि होणार आहे (रोमकरांस ५:९). ज्याला तारीख माहीत आहे त्याने ती सांगावी, पण जो आईच्या मांडीवर प्रार्थना शिकला त्याच्याकडे तारीख नाही म्हणून त्याचा विश्वास खोटा ठरत नाही.

मराठी माणसाला जवळचं उदाहरण नारायण वामन टिळकांचं आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईला. मधला काळ वाचनाचा, शंकांचा, पत्रव्यवहाराचा होता. एका संध्याकाळी हात वर करून घेतलेल्या निर्णयामागे असा काळ नसतो. अशा सभेनंतर पुढचं शिक्षण कोणी दिलं नाही, तर माणूस काही महिन्यांत गळू शकतो.

जुन्या मंडळीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग चार रविवारांत उरकला, मुलांनी पाठ केलेली उत्तरं म्हटली आणि त्यानंतर त्यांना कोणी बायबल उघडून दाखवलं नाही, तर ती मुलं जिथे बायबल उघडलं जातं तिथे जाणारच.

लहानपणी बाप्तिस्मा झाला आहे. नवी संगती म्हणते तो चालत नाही, पाण्यात बुडवून पुन्हा घ्या. घ्यावा का?

आमचं उत्तर आहे, नाही. कारणं नीट पाहू.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट, लुथरन या सगळ्यांच्या मते बाप्तिस्मा एकदाच होतो (इफिसकरांस ४:५). तो ग्राह्य ठरायला दोन गोष्टी लागतात: पाणी, आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द (मत्तय २८:१९). पाणी किती, हा मुद्दा दुय्यम आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीला किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘डिडाखे’ या मंडळीच्या नियमपुस्तिकेत वाहतं पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरं, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं असं सांगितलं आहे. देणारा पाळक पुढे नालायक निघाला तरी बाप्तिस्मा रद्द होत नाही. हा वाद उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्टांशी चौथ्या शतकातच झाला आणि मंडळीने तो तेव्हाच निकालात काढला.

तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याची आज्ञा नव्या करारात थेट सापडत नाही, हे बॅप्टिस्टांचं म्हणणं बरोबर आहे. तशी मनाईही सापडत नाही, आणि अख्ख्या घराण्याचा बाप्तिस्मा झाल्याची उदाहरणं आहेत (प्रेषितांची कृत्ये १६:१५, १६:३३). २००च्या सुमारास तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक मुलांचा बाप्तिस्मा पुढे ढकलावा असं लिहितो, म्हणजे तेव्हा तो दिला जात होता. मोठेपणीच बाप्तिस्मा हवा हा आग्रह संघटितपणे १५२५ मध्ये झुरिकच्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी धरला.

आणि हा तिढा आपल्याच शहरात एकदा सुटलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल होते, आणि मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट व डिसायपल्सही होते. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या: कुणी बाळाला बाप्तिस्मा देऊन मोठेपणी दृढीकरण करावं, कुणी बाळाचं समर्पण करून मोठेपणी बाप्तिस्मा द्यावा. पण ज्याचा एकदा झाला त्याचा पुन्हा नाही. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे अनेक परंपरांच्या धर्मपंडितांनी तयार केलेला मसुदाही पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही करू नका, असंच सांगतो.

दबाव येत असेल तर असं करा. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीतून दाखला काढा. त्यात तारीख, आईवडिलांची नावं आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव आहे का ते पाहा. चर्च बंद झालं असेल किंवा वही सापडत नसेल तर डायोसिसच्या (बिशपांच्या विभागाच्या) कार्यालयात चौकशी करा. आपल्या पाळकांशी बोला, गरज पडल्यास बिशपांपर्यंत जा. मनाला काहीतरी जाहीरपणे करावंसं वाटत असेल तर ईस्टरच्या उपासनेत बाप्तिस्म्याच्या शपथांचं नूतनीकरण करता येतं. कॅथलिक चर्चमध्ये ते दर ईस्टरला सगळ्यांसाठी होतंच. ज्याच्या बाप्तिस्म्याच्या शब्दांविषयी खरोखर शंका आहे (उदा. ‘फक्त येशूच्या नावाने’ झालेला), त्याच्यासाठी कॅथलिक चर्च चौकशी करून निर्णय घेतं. सरसकट पुन्हा बाप्तिस्मा तेही देत नाही.

पुन्हा घेतला तर व्यवहारातही अडचण येते. दोन वेगवेगळ्या तारखांचे दोन दाखले हाती येतात आणि लग्नाच्या वेळी कोणता धरायचा यावर दोन्ही पाळक अडतात. त्याहून वाईट म्हणजे आईवडिलांना कळतं की लेकराने आपण दिलेली पहिली भेट नाकारली.

‘फक्त बायबल पुरे, परंपरा नको’ हे बरोबर आहे का?

बायबल मंडळीच्या हातून आपल्यापर्यंत आलं. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजच्यासारखी नेमकी यादी पहिल्यांदा बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. म्हणजे ‘परंपरा नको’ म्हणणाराही अनुक्रमणिका परंपरेकडूनच घेतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, हा फरकही परंपरेच्याच प्रश्नातला.

दुसरा ताण बायबलच्या अचूकतेचा. इव्हँजेलिकलांच्या १९७८च्या शिकागो निवेदनाने इतिहास आणि विज्ञान यांसह सर्वच बाबतींत बायबल निर्दोष असल्याचं म्हटलं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देवाला आपल्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते बायबल निर्दोषपणे शिकवतं, असं म्हटलं. उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचताना हा फरक लगेच कळतो. सहा दिवसांवरून घरात भांडण होत असेल तर दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत का, ते आधी पाहा.

विश्वासाने तारण की कृत्यांनी?

१५१७ पासूनचा, म्हणजे लुथरच्या बंडापासूनचा, हा वाद आता बराच निवळला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपण आपल्या पुण्याईने नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासात देवाकडून स्वीकारले जातो, हे दोघांनी एकत्र म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. ‘कॅथलिक लोक कामं करून स्वर्ग विकत घेतात’ असं कुणी संगतीत शिकवत असेल तर ते चुकीचं शिकवत आहे.

प्रभुभोजनाबद्दल एवढा आग्रह का?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स श्रद्धेत भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतात. लुथरन आणि पुष्कळ अँग्लिकन ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानतात. बहुतेक इव्हँजेलिकल झुरिकचे सुधारक झ्विंगली यांच्या मार्गाने त्याला स्मरण मानतात. १५२९ मध्ये मारबुर्गला लुथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, आणि याच एका मुद्द्यावर ते वेगळे राहिले. त्यामुळे एखाद्या आजीला घरगुती सभेत बिस्किट आणि सरबतावर उरकलेलं प्रभुभोजन पाहून दुखलं, तर तो तिचा हट्ट नाही.

नातेवाइकांच्या लग्नाला एस.एफ.एस. (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये गेलात आणि कॅथलिक नसाल तर प्रभुभोजन घेऊ नका. रांगेत जायचं असल्यास हात छातीवर दुमडा, फादर आशीर्वाद देतील. कॅथलिक माणसानेही दुसऱ्या मंडळीच्या प्रभुभोजनात सहभागी व्हायचं नसतं. हा अपमान समजू नये. न झालेली एकता झाल्यासारखी दाखवायची नाही, एवढाच त्याचा हेतू.

अन्य भाषा बोलता येत नाहीत, मग माझ्यात पवित्र आत्मा नाही का?

आहे. ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ असा प्रश्न पौल स्वतः विचारतो आणि त्याला अपेक्षित उत्तर ‘नाही’ आहे (१ करिंथकरांस १२:३०). हे दान खोटं आहे असंही आम्ही म्हणणार नाही. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं, पेंटेकॉस्टल चळवळ जिथून जगभर पसरली त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांच्या आदल्या वर्षी. मराठी ख्रिस्ती माणसाने त्याकडे तुच्छतेने पाहू नये. पण सभेत ‘हल्लेलुया’ भराभर म्हणायला लावून, डोक्यावर दाबून, ‘आता जीभ सैल सोड’ असं शिकवलं जात असेल, तर तिथून उठून या.

प्रार्थनेने बरं व्हायचं असेल तर औषध बंद करावं का?

कधीही नाही. या प्रश्नाला दोन बाजू नाहीत.

याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, वैद्याला हाकलायला नाही. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). नागपुरात स्कॉटिश मिशनने चर्चसोबत मुर मेमोरियल हॉस्पिटलही उभं केलं, ते याच श्रद्धेतून.

लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहीचं इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात सहा महिने गोळ्या लागतात. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, ‘प्रभूने बरं केलं’ अशी साक्ष दिली जाते, गोळ्या सुटतात, आणि आजार औषधाला दाद न देणाऱ्या रूपात परततो, घरातल्यांनाही लागतो. फीटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर न थांबणारी फीट येऊ शकते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडलं की वेदनेचे झटके परत येतात. बरं झाल्याची खात्री मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या तपासणीने करा. खरं आरोग्यदान रक्ततपासणीला घाबरत नाही.

मधुमेह, कर्करोग, फीट असे आजार चमत्काराने बरे करण्याची जाहिरात १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. भूत काढतो म्हणून मारहाण करणं, किंवा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पाळक असल्याने सूट मिळत नाही.

दशांश दिला की कर्ज फिटतं, असं सांगतात. खरं आहे का?

मलाखी ३:१० (दशांश आणा, म्हणजे मी आशीर्वाद ओतीन) एकटं काढून वाचलं की तसं वाटतं. पण दशांश सांगणाऱ्या नियमशास्त्रातच दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा होता (अनुवाद १४:२८-२९). कर्जात बुडालेल्या विधवेकडून दशांश मागणारा पाळक ते वचन उलटं वाचतो. नव्या करारात पौल म्हणतो, जबरदस्तीने देऊ नका (२ करिंथकरांस ९:७). ‘पेराल तसं पिकेल, आधी पाच हजार पेरा’ ही समृद्धीची शिकवण जुन्या मंडळ्यांनी तर नाकारलीच, लोझान चळवळीने २०१० मध्ये केपटाउनच्या जाहीरनाम्यात म्हणजे इव्हँजेलिकलांनी स्वतःही नाकारली.

देण्याआधी विचारा: संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? दरवर्षी हिशेब तपासून सभासदांना दाखवतात का? पैसे संस्थेच्या खात्यात जातात की पाळकांच्या स्वतःच्या यूपीआयवर? पावती मिळते का? निव्वळ धार्मिक कामासाठीच्या देणगीला ८०जीची करसवलत सहसा मिळत नाही, त्यामुळे तसं आमिष दाखवत असतील तर प्रमाणपत्र मागा. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेने स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारायची असते. जुन्या मंडळ्यांचे हिशेब नेहमी स्वच्छ असतात असं नाही, मालमत्तांचे खटले आपण सगळे पाहतो. पण तिथे निदान प्रश्न विचारायला समिती असते.

येशूचं आगमन अगदी जवळ आलं आहे आणि विश्वासणारे आधी वर उचलले जातील, हे बायबलमध्ये आहे का?

ख्रिस्त पुन्हा येईल ही सर्वांची श्रद्धा आहे. पण आधी गुप्तपणे मंडळी उचलली जाईल, मग सात वर्षं संकट, मग जाहीर आगमन, हा क्रम १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडला आणि १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांनी घरोघरी नेला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन यांच्या अधिकृत शिकवणीत तो नाही. तारखा सांगणारेही चुकले, २२ ऑक्टोबर १८४४ ला आणि २१ मे २०११ लाही. या भीतीने कुणी शिक्षण सोडत असेल किंवा घर विकत असेल तर मार्क १३:३२ (तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही) त्याच्यासमोर ठेवा.

भजनं सोडून ड्रम आणि हिंदी आराधनागीतं का?

वाद्याला पंथ नसतो. आमची तक्रार एवढीच की टिळकांची अभंगांच्या चालीवरची पदं विसरली जात आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या गीतांत ‘मी’ फार आणि वधस्तंभ कमी असतो. आठवड्याला एक जुनं पद ढोलक-टाळावर घ्या. तरुण ते आनंदाने उचलतात.

संगतीच्या पाळकांनी लावलेलं लग्न कायदेशीर असतं का?

ते त्यांच्याकडे अधिकार आहे का यावर ठरतं. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपांकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू (कॅथलिक, सी.एन.आय. इत्यादी) लग्न लावू शकतात. बाकीच्या पाळकांना राज्य सरकारचा परवाना लागतो. वधूवरांपैकी निदान एक जण ख्रिस्ती असावा लागतो. विधी साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच करायचा असतो. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पत्रिका छापण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि विवाह नोंदवही त्यांच्याकडे आहे का ते पाहा. साधं छापील ‘मॅरेज सर्टिफिकेट’ पुढे पासपोर्टला किंवा वारसाहक्काला टिकत नाही. परवाना नसेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करा आणि प्रार्थना संगतीत ठेवा.

मंडळी सोडली तर कबरस्तानात जागा मिळेल का?

मृत्यूच्या दिवशी विचारण्याचा हा प्रश्न नाही. बहुतेक ख्रिस्ती कबरस्तानं एखाद्या मंडळीच्या किंवा संयुक्त समितीच्या ताब्यात असतात, आणि समिती सभासदत्व, वर्गणी व बाप्तिस्म्याची नोंद पाहते. स्वतंत्र संगतीकडे सहसा स्वतःची जमीन नसते. म्हणून संगती बदलताना जुन्या मंडळीतलं नाव घाईने काढू नका. कुटुंबाची आधीची कबर असेल तर तिचा क्रमांक व पावती जपा. आणि नव्या पाळकांकडून लेखी घ्या की दफनाची व्यवस्था कोणत्या कबरस्तानात, कोणाच्या परवानगीने होते.